परतीचं ठरलं, मगच इंजिनं हलली : दोन ए-फोर इंजिनांच्या परदेशी जतनाचं प्रकरण

डॉनकॅस्टरच्या कारखान्यात १९३७ साली बांधलेली दोन वाफेची इंजिनं आज इंग्लंडमध्ये नाहीत. एक अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे इथे, नॅशनल रेलरोड म्युझियममध्ये उभं आहे. दुसरं कॅनडात, माँट्रियलजवळच्या एक्स्पोरेल या संग्रहालयात आहे. २०१२ मध्ये ही दोन्ही इंजिनं अटलांटिक ओलांडून जन्मगावच्या देशात आली, रंगून-सजून आपल्या भावंडांशेजारी, म्हणजे ए-फोर वर्गाच्या इतर इंजिनांशेजारी, उभी राहिली आणि २०१४ मध्ये जिथून आली होती तिथे परत गेली.

परदेशातल्या वारसा-वस्तूंचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा बहुधा दोनच टोकांना जाते. एक म्हणतं परत आणा, दुसरं म्हणतं आहे तिथे सुखरूप आहे, राहू द्या. या प्रकरणात तिसरी वाट निघाली, आणि ती का निघाली हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. संस्थांची नावं आणि तारखा सार्वजनिक आहेत, त्या दिल्या आहेत. वाटाघाटी करणाऱ्या व्यक्तींची नावं घेतलेली नाहीत.

## पार्श्वभूमी

लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे मुख्य यांत्रिक अभियंता सर नायजेल ग्रेसली यांनी १९३५ साली ए-फोर वर्गाचं पहिलं इंजिन रुळांवर आणलं. पाचरीसारखं उतरतं तोंड, तीन सिलिंडर, दर चौरस इंचाला २५० पौंड दाबाचा बॉयलर आणि उंच माणसालाही मान वर करायला लावणारी ६ फूट ८ इंच व्यासाची चाकं. १९३८ पर्यंत अशी ३५ इंजिनं बांधली गेली. त्यांतल्याच ‘मॅलार्ड’ने ३ जुलै १९३८ रोजी स्टोक बँकच्या उतारावर ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठला. वाफेच्या इंजिनांचा तो विक्रम अजून मोडलेला नाही.

आपल्या दोन इंजिनांच्या नावावर असा कोणताही विक्रम नाही. त्यांची गोष्ट नावांचीच आहे. १९३७ च्या उन्हाळ्यात लंडनहून एडिंबराला सहा तासांत पोचणारी ‘कॉरोनेशन’ गाडी सुरू झाली. तिच्यासाठी राखलेल्या पाच इंजिनांना साम्राज्यातल्या देशांची नावं दिली गेली : दक्षिण आफ्रिका, कॅनडा, भारत, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. त्यांतलं ४४८९ क्रमांकाचं ‘डोमिनियन ऑफ कॅनडा’ हे आपल्या दोघांतलं पहिलं. नावाला शोभावं म्हणून त्याला कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या धाटणीची शिटी आणि धुराड्यापुढे वाफेवर वाजणारी घंटा बसवली होती. इंग्लंडच्या इंजिनांवर अशी घंटा सहसा दिसत नाही.

दुसरं इंजिन ४४९६. यॉर्कशरच्या लोकरीच्या गिरण्यांच्या भागात जाणाऱ्या ‘वेस्ट रायडिंग लिमिटेड’ गाडीसाठी ते बांधलं होतं आणि मागावरच्या धोट्यावरून त्याचं नाव ‘गोल्डन शटल’ ठेवलं होतं. महायुद्ध संपल्यावर, सप्टेंबर १९४५ मध्ये, हे नाव काढून त्याच्या अंगावर दोस्त सैन्याच्या सरसेनापतींचं नाव चढवण्यात आलं : ‘ड्वाइट डी. आयझेनहॉवर’. पुढे रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ही दोन इंजिनं अनुक्रमे ६००१० आणि ६०००८ झाली.

युद्धाने या वर्गाचं रूपही बदललं. चाकांवरून खाली उतरणारी पत्र्याची झालर दुरुस्तीच्या वेळी आड येई, म्हणून ती सगळ्याच इंजिनांवरून काढून टाकली गेली. १९४२ मध्ये यॉर्कवरच्या हवाई हल्ल्यात एक इंजिन कायमचं निकामी झालं. उरलेली ३४ एकेक करत १९६० च्या दशकात डिझेलच्या लाटेपुढे निवृत्त झाली. ‘एम्पायर ऑफ इंडिया’ १९६४ मध्ये सेवेतून निघालं आणि भंगारात गेलं. एकेकाळी भारताचं नाव मिरवणाऱ्या त्या इंजिनासाठी कुणी हात पुढे केला नाही, हे वाचताना आजही चुटपुट लागते.

वाचली फक्त सहा. मॅलार्ड विक्रमामुळे सरकारी संग्रहात गेलं. ‘सर नायजेल ग्रेसली’, ‘युनियन ऑफ साउथ आफ्रिका’ आणि ‘बिटर्न’ ही तीन रेल्वेप्रेमींनी पदरमोड करून वाचवली. राहिलेली दोन त्यांच्या नावांमुळे वाचली. ६०००८ जुलै १९६३ मध्ये निवृत्त झालं आणि पुढच्याच वर्षी रंग देऊन अमेरिकेला रवाना झालं. ६००१० मे १९६५ मध्ये निवृत्त झालं आणि काही काळाने कॅनडातल्या रेल्वे-इतिहास संस्थेला भेट म्हणून गेलं.

‘भेट म्हणून’ हे दोन शब्द या सगळ्या प्रकरणात फार महत्त्वाचे आहेत. ही इंजिनं कुणी लुटून नेली नव्हती किंवा फसवून घेतली नव्हती. ज्या काळात ब्रिटिश रेल्वे त्यांची भावंडं टनाच्या भावाने विकत होती, त्या काळात परक्या देशातल्या दोन संस्थांनी ती मागून घेतली, जागा दिली आणि जवळजवळ अर्धशतक सांभाळली. ग्रीन बेच्या संग्रहालयाने आयझेनहॉवर यांच्या युद्धकाळातल्या खास गाडीचे दोन ब्रिटिश डबेही मिळवले आणि इंजिनामागे उभे केले. २००१ मध्ये तिथे बंदिस्त, तापमान राखणारी इमारत उभी राहिली आणि विस्कॉन्सिनच्या बर्फाळ हिवाळ्यापासून इंजिनाला आडोसा मिळाला.

## अडचण काय होती

२०१३ मध्ये मॅलार्डच्या विक्रमाला ७५ वर्षं पूर्ण होणार होती. मॅलार्ड यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियममध्ये. त्या दिवशी वाचलेली सहाही ए-फोर एकत्र उभी करावीत, अशी कल्पना पुढे आली. चार इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये होतीच. प्रश्न उरलेल्या दोघांचा होता.

ही विचारणा नवी नव्हती. इंजिनं मायदेशी परत मिळावीत म्हणून ब्रिटनमधून आधीही प्रयत्न झाले होते आणि दोन्ही संग्रहालयांनी त्यांना दाद दिली नव्हती. त्यांच्या बाजूने पाहिलं तर हे सरळ आहे. ग्रीन बेच्या संग्रहालयात अमेरिकेचं अजस्र ‘बिग बॉय’ इंजिनही आहे, पण दारातून आत येणाऱ्याला थबकवतं ते हे हिरवं, परक्या घडणीचं इंजिन. ते दिलं तर संग्रहाचा मोहराच गेला. शिवाय पन्नास वर्षं राखल्यावर कुणी ‘आमचं आम्हाला द्या’ म्हणून दारात उभं राहिलं, तर कोणत्याही विश्वस्ताच्या कपाळाला आठी पडणारच.

दुसरी अडचण लोखंडाची. टेंडरसकट, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाडीसकट, ए-फोर ७१ फूट लांब, म्हणजे साडेएकवीस मीटरच्या आसपास. चालू स्थितीत कोळसा-पाण्यासह वजन १६० टनांच्या वर. रिकामं असलं तरी नुसतं इंजिन हलवणं हेच मोठं काम. आणि उत्तर अमेरिकेच्या रुळांवर ते इतर गाड्यांना जोडता येत नाही. रुळांची रुंदी तीच, चाकं बसतात, पण जोडणी बसत नाही. ए-फोरच्या पुढच्या तुळईवर दोन बाजूंना धक्का झेलणारे दोन बफर आणि मधल्या हुकाला मळसूत्राने आवळायची साखळी. अमेरिकेत बफर नाहीतच. मधोमध एक, मुठीसारखा मिटणारा कप्लर. आपल्या रेल्वेच्या जुन्या आयसीएफ डब्यांची साखळी आणि नव्या एलएचबी डब्यांचा मधला कप्लर शेजारी-शेजारी पाहिलेल्यांना हा फरक लगेच कळेल. ब्रेकचंही तसंच. ए-फोरला निर्वात ब्रेक, तिथे हवेच्या दाबाचे.

याचा अनुभव ग्रीन बेच्या लोकांनी घेतलेला होता. १९९० मध्ये आयझेनहॉवर यांच्या जन्मशताब्दीसाठी हे इंजिन आणि ते दोन डबे कॅन्ससमधल्या ॲबिलीन गावी नेण्यात आले, तेव्हा ब्रेक जुळत नसल्यामुळे खास गाडी करून, मंद गतीने न्यावं लागलं होतं. पुढे २०१२ मध्ये ज्यांनी कागदावर आकडेमोड केली, त्यांच्या दृष्टीने १९९० चा प्रवास ही एक रंगीत तालीमच होती.

तिसरी अडचण पैशाची होती आणि ती तेवढीच खरी होती. दोन इंजिनं समुद्रापलीकडे आणायची आणि परत पोचवायची, म्हणजे चार वेळा बोजड मालाची सागरी वाहतूक आणि प्रत्येक टोकाला जमिनीवरचा प्रवास.

## समोर कोणते पर्याय होते

कायमची खरेदी किंवा परतभेट हा पर्याय जुना आणि आधीच बंद झालेला. तो पुन्हा मांडला असता तर पत्रव्यवहार पहिल्याच उत्तरात संपला असता.

अदलाबदल, म्हणजे ब्रिटनकडचं दुसरं एखादं इंजिन देऊन हे घ्यायचं, असा मार्ग संग्रहालयांच्या जगात अपरिचित नाही. पण आयझेनहॉवर यांच्या नावाचं इंजिन अमेरिकेत आणि कॅनडाच्या नावाचं कॅनडात ही जोडी इतकी नेमकी आहे, की त्याच्या बदल्यात तोलामोलाचं काय द्यायचं याचं उत्तर सापडणं अवघड.

चारच इंजिनांचा सोहळा करायचा, हा सगळ्यात स्वस्त पर्याय. तो वाईटही नव्हता. चार ए-फोर एकत्र येणं हीसुद्धा पर्वणीच असती. पण ‘वाचलेली सगळी’ आणि ‘वाचलेल्यांपैकी काही’ यांत लोकांच्या मनात केवढं अंतर पडतं, हे यॉर्कच्या लोकांनी ओळखलं होतं.

उरला तो ठरावीक मुदतीचा उसनवारीचा करार. इंजिनं द्या, आम्ही आणतो, त्यांची बाह्य डागडुजी आणि रंगकाम आमच्या कारागिरांकडून करून देतो, सोहळा झाला की परत पोचवतो. मालकी तुमची, खर्चाची जुळवाजुळव आमची. हाच मार्ग ठरला.

## पहिला निर्णय : मालकीचा विषय काढायचाच नाही

माझ्या मते सगळं प्रकरण इथेच जिंकलं गेलं. आधीच्या विचारणा मालकीभोवती फिरत होत्या, म्हणून समोरच्याला फक्त ‘नाही’ म्हणायचीच सोय होती. परतीची खात्री आधी दिल्यावर बोलणं वेगळ्याच पायावर आलं. देणाऱ्या संग्रहालयाने काय गमवायचं हा प्रश्न मिटला आणि काय मिळवायचं हा प्रश्न उभा राहिला.

मिळण्यासारखं बरंच होतं. पन्नास वर्षांत रंग उडतो, पत्रे गंजतात, पितळेची चमक जाते. ए-फोरच्या अंगावरची पत्र्याची वळणदार कातडी कशी पुन्हा बसवायची, त्या हिरव्या रंगावरच्या नारिंगी-काळ्या रेघा किती जाडीच्या, हे माहीत असलेली माणसं ब्रिटनमध्ये आहेत. ग्रीन बेला किंवा माँट्रियलला तो कारागीर बोलावून आणायचा म्हटला तरी सोपं नाही. इथे इंजिनच कारागिराच्या दारात जाणार होतं.

परतीच्या बोलीला सार्वजनिक स्वरूप दिलं गेलं, हेही महत्त्वाचं. इंजिनं पाहुणी आहेत हे पहिल्या दिवसापासून जाहीर होतं. ‘आता आलीच आहेत तर ठेवून घ्या’ असं ब्रिटनमधल्या काही रेल्वेप्रेमींना वाटलं असेल तर नवल नाही. पण शब्द चारचौघांत दिला की तो फिरवणं कठीण होतं, आणि देणाऱ्या संस्थेला कागदावरच्या कलमांइतकाच त्याचाही आधार वाटतो.

## दुसरा निर्णय : वाफ धरायची नाही

सहा ए-फोर एकत्र, मग सहाही धूर सोडत का नाहीत, असा प्रश्न कुणालाही पडेल. कराराने तो सुरुवातीलाच मिटवला : काम फक्त बाह्य रूपाचं. बॉयलरला हात लावायचा नाही.

हा निर्णय मला पूर्ण पटतो, आणि कारण सांगायला हवं. दर चौरस इंचाला २५० पौंड दाब पेलायचा तर अर्धशतक थंड पडलेला बॉयलर चौकटीवरून उचलावा लागतो. नळ्या काढाव्या लागतात. आतली तांब्याची अग्निपेटी, तिला बाहेरच्या कवचाशी बांधून ठेवणारे शेकडो आडवे दांडे, सगळं तपासून बरंचसं नवं करावं लागतं. इंजिन चालू होतं, पण त्यातलं जुनं धातुकाम त्या प्रमाणात बाहेर पडतं. चालत्या इंजिनांबाबत हा सौदा मान्य असतो, कारण तिथे चालण्याची कला, तो आवाज, तो वास हाच वारसा असतो. ए-फोर वर्गात ती जबाबदारी पेलणारी दुसरी इंजिनं आहेत. खुद्द मॅलार्ड १९८० च्या दशकात काही काळ चालवून पुन्हा थंड ठेवलं गेलं. ज्यांना कुणी पन्नास वर्षं उघडलं नाही अशी दोन इंजिनं तशीच राहणं, हे पुढच्या अभ्यासकांसाठी मोलाचं आहे.

इथे एक गुंता मात्र मान्य करावा लागतो. ‘मूळ’ म्हणजे नेमकं काय? वापरात असताना मोठ्या दुरुस्तीला आलेल्या इंजिनाचा बॉयलर काढून तयार असलेला दुसरा बसवायची पद्धत होती. टेंडरही बदलत. म्हणजे आज ६०००८ वर असलेला बॉयलर १९३७ मध्ये त्याच्यावर होता असं गृहीत धरता येत नाही. तरीही तो सेवाकाळातला, खऱ्या कामावर झिजलेला बॉयलर आहे, आणि त्या झिजेतही माहिती आहे.

## तिसरा निर्णय : इंजिनाचं कोणतं साल दाखवायचं

रंगाचा डबा उघडण्याआधी हा निर्णय घ्यावाच लागतो, आणि या प्रकरणात दोन इंजिनांबाबत दोन वेगळी उत्तरं दिली गेली.

६०००८ ला पुन्हा ब्रिटिश रेल्वेचा गडद हिरवा रंग मिळाला, ज्या रूपात ते अमेरिकेत गेलं होतं तेच रूप. हे बरोबरच झालं. आयझेनहॉवर हे नाव १९४५ नंतरचं. १९३७ चं रूप द्यायचं तर नावाची पाटीच काढून ‘गोल्डन शटल’ लावावी लागली असती, आणि मग ग्रीन बेला हे इंजिन कशासाठी हवं?

६००१० च्या बाबतीत मात्र घड्याळ मागे फिरवलं. त्याला ४४८९ हा जुना क्रमांक, गार्टर ब्ल्यू हा निळा रंग, लाल चाकं, चाकांवरची झालर, एकेरी धुराडं आणि पुढे ती घंटा, असं कॉरोनेशन गाडीच्या दिवसांतलं रूप दिलं गेलं. दिसायला ते विलक्षण देखणं झालं. कॅनडाच्या दृष्टीने तर ती घंटा म्हणजेच इंजिनाची ओळख.

पण काय गेलं तेही पाहू. कॅनडाने स्वीकारलं ते इंजिन हिरवं होतं, त्याला दुहेरी धुराडं होतं, झालर नव्हती. दुहेरी धुराडं ही नंतरच्या सेवाकाळातली खरी तांत्रिक सुधारणा. त्यामुळे वाफेचा झोत मोकळा होऊन इंजिन हलकं धावे. झालर युद्धात गेली होती, म्हणून आज दिसते ती नव्याने घडवलेली. म्हणजे १९३७ चं वाटणारं हे अंग काही प्रमाणात एकविसाव्या शतकातल्या पत्र्याचं आहे.

मी यॉर्कच्या जागी असतो तर? कॅनडाच्या संग्रहालयाने तेच रूप मागितलं असतं तर मीही दिलं असतं. तसं पाहिलं तर सोहळ्याची मांडणीही त्याने साधली : निळ्या रंगातली युद्धपूर्व वेशातली तीन, ब्रिटिश रेल्वेच्या सुरुवातीच्या निळ्यातलं एक, हिरवी दोन. एका वर्गाचं सगळं आयुष्य रंगांतून एका नजरेत यावं असा तो पट होता. पण हा निर्णय सोहळ्याच्या सोयीने होतो की इंजिनाच्या इतिहासाच्या बाजूने, हे लिहून ठेवायला हवं. पन्नास वर्षांनी नवा रंग द्यायची वेळ येईल तेव्हा तिथल्या माणसांना तो कागद लागेल.

## प्रत्यक्ष काम

२०१२ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस दोन्ही इंजिनं कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हॅलिफॅक्स बंदराकडे निघाली. तिथून ‘अटलांटिक कन्व्हेयर’ जहाजाने ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला लिव्हरपूलला पोचली. क्रेनला लटकावून चढवण्यापेक्षा बहुचाकी ट्रेलरवर ठेवून सरळ जहाजाच्या पोटात ओढत न्यायची ही पद्धत, आणि लांब, एका बाजूला जड असलेल्या इंजिनासाठी तीच सुरक्षित. बंदरापासून रस्त्याने ती डरहॅम परगण्यातल्या शिल्डनला, यॉर्कच्या संग्रहालयाच्याच दुसऱ्या केंद्रात आली.

मग शिल्डन आणि यॉर्कच्या कार्यशाळांत काम सुरू झालं. हाती होते जेमतेम नऊ महिने, कारण ३ जुलै २०१३ ही तारीख कुणासाठी थांबणार नव्हती. त्या काळातल्या इंजिनांच्या बॉयलरभोवती असबेस्टॉसची गादी असे. त्यामुळे अशा इंजिनावरचा एखादा पत्राही ‘आत काय आहे बघू’ म्हणून सहज काढायचा नसतो. आधी तपासणी, मग आवरण, मग स्क्रू. वाफेची जुनी इंजिनं सोडवणाऱ्या आपल्याकडच्या हौशी मंडळींनीही हे डोक्यात पक्कं ठेवावं.

इंजिनाच्या टेंडरमध्ये एक गोष्ट आहे जी फोटोंत कधीच नीट येत नाही. लंडन-एडिंबरा विनाथांबा गाडीवर मध्यावर चालक बदलावे लागत, म्हणून ए-फोरच्या काही टेंडरच्या एका बाजूने बोळ काढलेला असे. दीड फूट रुंद, पाच फूट उंच. धावत्या गाडीत चालक आणि फायरमन त्यातून वाकून, खांदा आडवा करून डब्यात जात आणि ताजी जोडी पुढे येई. एका बाजूला टनावारी पाणी, वर कोळसा आणि मध्ये माणूस जाईल एवढीच फट. असं इंजिन रंगवताना बाहेरची निळाई सगळ्यांना दिसते. जतनाच्या दृष्टीने मात्र त्या बोळाच्या भिंतीवर घासून गुळगुळीत झालेला पट्टा रंगाखाली दडपणार नाही, याची काळजी जास्त मोलाची.

## परिणाम

३ जुलै २०१३ रोजी सहाही ए-फोर यॉर्कमध्ये एकत्र उभी राहिली. लोकांच्या रांगा संग्रहालयाबाहेर लागल्या. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती पुन्हा एकत्र आणली गेली, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये शिल्डनला निरोपाचा सोहळा झाला. तिथेही दूरदूरचे लोक आले. ज्यांनी तरुणपणी ही इंजिनं धावताना पाहिली होती त्यांच्यासाठी सहाही एकत्र पाहण्याची ती बहुधा शेवटची संधी होती, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

२०१४ मध्येच दोन्ही इंजिनं परत गेली. शब्द पाळला गेला. मायदेशी आलेली वस्तू मोठ्या गर्दीच्या डोळ्यांदेखत पुन्हा जहाजावर चढवायला संस्थेला धैर्य लागतं, आणि ते दाखवल्याबद्दल यॉर्कच्या संग्रहालयाचं मनापासून कौतुक करायला हवं. ग्रीन बे आणि माँट्रियलला आपली इंजिनं दिली होती त्यापेक्षा उजळ रूपात परत मिळाली.

जे साधलं नाही तेही सांगतो. सहाच्या सहा पुन्हा केव्हा एकत्र येतील याची काही व्यवस्था या प्रकरणातून उभी राहिली नाही. ब्रिटनमधल्या चौघांचीही परिस्थिती बदलत गेली. ‘सर नायजेल ग्रेसली’ मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा वाफेवर आलं, पण ‘युनियन ऑफ साउथ आफ्रिका’ची मुख्य मार्गावरची कारकीर्द संपली.

## वेगळं काय करता आलं असतं

रंग खरवडण्यापूर्वी थरांची नोंद, हा माझा पहिला मुद्दा. जुन्या रंगाचा एक छोटा तुकडा पायऱ्या-पायऱ्यांनी घासत गेलं, की झाडाच्या वलयांसारखे थर उघडे पडतात : संग्रहालयातला रंग, त्याखाली निरोपाच्या वेळी कारखान्यात दिलेला, त्याखाली कदाचित सेवेतला. अशी एक वीतभर खिडकी चालकाच्या कॅबच्या आतल्या कोपऱ्यात, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा जागी, कायमची उघडी ठेवता येते. प्रत्येक पुनर्रंगकामाच्या करारात हे एक कलम असायला हवं. त्याला खर्च जवळजवळ नाही.

दुसरा मुद्दा काढलेल्या भागांचा. दुहेरी धुराड्यासारखा भाग बदलला जातो तेव्हा त्याला इंजिनाचाच क्रमांक देऊन, चिठ्ठी लावून, इंजिनाबरोबरच प्रवास करवावा. तो फडताळात पडून राहिला तरी चालेल, पण दुसऱ्या देशातल्या फडताळात नको. आणि नव्याने घडवलेल्या भागांच्या आतल्या बाजूला सालाचा ठसा मारावा. २०१३ ची झालर २१०० मध्ये कुणी १९३७ ची समजू नये.

तिसरा मुद्दा वेळेचा. वर्धापनदिन ठरलेला असल्यामुळे नऊ महिन्यांत दोन इंजिनं उरकावी लागली. उत्सवाची तारीख ही पैसा आणि लोकांचा उत्साह गोळा करायला उत्तम, पण जतनाच्या कामाचं वेळापत्रक तिच्या हाती पूर्ण सोपवलं की नोंदी मागे पडतात आणि रंग पुढे जातो. एक इंजिन आधी आणि दुसरं सोहळ्यानंतर, परतण्यापूर्वीच्या महिन्यांत केलं असतं, तर श्वास घ्यायला सवड मिळाली असती. दोन्ही नव्या कोऱ्या रूपात एकदम दाखवण्याचा मोह मी समजू शकतो.

चौथा मुद्दा आपल्याजवळचा आहे. नेरळ-माथेरानच्या गाडीसाठी जर्मनीतल्या ओरेनश्टाइन अँड कोपेल कंपनीने बांधलेल्या चार मूळ इंजिनांपैकी ७४० क्रमांकाचं इंजिन इंग्लंडमध्ये गेलेलं आहे. १९०७ मध्ये सुरू झालेल्या या गाडीला २०३२ मध्ये १२५ वर्षं होतील. ते इंजिन काही आठवड्यांसाठी नेरळला यावं असं कुणाला वाटत असेल, तर पहिल्या पत्रात ‘आमचा वारसा’ हे शब्द घालू नयेत. पत्रात परत पोचवण्याची तारीख, विम्याची जबाबदारी कुणाची, बंदरापासून नेरळपर्यंतची वाहतूक कशी होणार, आणि इंजिन कोणत्या छपराखाली उभं राहणार, एवढं असावं. २०३२ साठी हे पत्र लिहायचं तर वाहतूक, परवाने आणि निधी यांचा हिशोब धरून २०२८ च्या आत ते निघायला हवं.